आमदार झाल्यावर वकिलीची सनद ठेवायची का?

प्रश्न : मी तालुक्याच्या कोर्टात सहा वर्षं वकिली करते. आता विधानसभेची तयारी करा म्हणून लोक मागे लागलेत. वडील सारखं सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं उदाहरण देतात, तेही वकीलच होते म्हणून. निवडून आल्यावर वकिली सोडावी लागते का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : कायद्यापुरतं विचाराल तर नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली बंद, हा बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचा नियम आमदार-खासदारांनाही लावा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात झाली होती. सप्टेंबर २०१८मध्ये ती फेटाळली गेली. लोकप्रतिनिधी हा कुणाचा पूर्णवेळ पगारी नोकर नाही, असं न्यायालयानं म्हटलं. मंत्री झालात तर गोष्ट वेगळी, तेव्हा पुन्हा पत्र टाका.

खरी अडचण तारखांची आहे, ताई. मी आयुष्यात एकदाच नगरपालिकेला उभा राहिलो. तीन आठवडे माझा ज्युनिअर कोर्टापुढे मुदतीचे अर्ज देत होता. निकाल लागला, माझी अनामत गेली. दुसऱ्या दिवशी तोंड लपवत बाररूममध्ये शिरलो, तर बाकावर वाटणीच्या दाव्यातला जुना पक्षकार पिशवीत सातबारे घेऊन बसलेला. म्हणाला, "पडलात ते बरं झालं सायेब, आपली उलटतपासणी राहिलीय." ही नुसती नगरपालिका. आमदारकीत तर डिसेंबरात नागपूर, उन्हाळ्याआधी मुंबईत अर्थसंकल्प, पुन्हा पावसाळी अधिवेशन. पक्षकार किती दिवस थांबणार?

आता आबासाहेबांविषयी, म्हणजे गणपतराव देशमुखांविषयी. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. त्या पिढीत शेतकरी कामगार पक्षात वकिलांची रांगच होती : शंकरराव मोरे, उद्धवराव पाटील, अलिबागचे दत्ता पाटील. त्यात नवल नाही. कूळ कायदा १९४८चा; कसणारं कूळ जमिनीचं मालक ठरलं तो कृषक दिन १ एप्रिल १९५७चा. कसणाऱ्याचं नाव उताऱ्यावर लागणार की नाही, हा त्या वेळी गावोगावचा प्रश्न होता आणि त्याचा कागद वाचता येणारा माणूस म्हणजे वकील. आमच्याकडे वकिलाला मतं पडतात ती भाषणाला नव्हे, या वाचून दाखवण्याला. निदान पूर्वी तरी पडत.

१९६२ साली ते सांगोल्यातून पहिल्यांदा विधानसभेत गेले. १९७२ला पडले, १९७४च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ला पुन्हा पडले, तेही १९२ मतांनी! १९९९ला परत निवडून आले. शेवटची निवडणूक २०१४ची, वय पंच्याऐंशीच्या पुढे. एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून अकरा वेळा. तुमचे वडील हा अकराचा आकडा सांगत असतील. मी दोन पराभव सांगतो, कारण तयारी त्यांची करावी लागते.

मंत्रिपदही दोनदा मिळालं, १९७८ला आणि १९९९ला. पण सांगोल्यात विचाराल तर लोक सूतगिरणीचं आणि पाण्याचं सांगतील. हा सगळा माणदेश कायमचा दुष्काळी. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी मिळावं, कृष्णा खोऱ्यातलं पाणी समन्यायानं वाटलं जावं, यासाठी आटपाडीच्या पाणी परिषदांमध्ये स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर ते वर्षानुवर्षं उभे राहिले. मला हे काम दिवाणी दाव्यासारखंच वाटतं. वाद जुना, प्रतिवादी बलदंड, आणि दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, निघेपर्यंत अर्धे वादी देवाघरी. असल्या दाव्याला वकिलाचीच चिकाटी लागते. एसटीनं फिरणारा आमदार म्हणून त्यांचं कौतुक फार झालं. या चिकाटीचं मला त्याहून जास्त वाटतं. ३० जुलै २०२१ला ते गेले.

तेव्हा सनद खुशाल ठेवा. पण साक्षीपुराव्याला आलेले दावे आजच मोजा आणि ते कुणाकडे सोपवायचे ते ठरवून टाका. आचारसंहिता लागली की ज्युनिअरही सापडत नाही, सगळे बूथवर असतात.