किरण कमी, पण खडा दिसला पाहिजे

प्रश्न : मुतखड्यासाठी दोन वर्षांत तिसरा सीटी सांगितलाय. किरणांची मात्रा कमी केली तर चित्र बिघडणार नाही का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : दाणेदार होईल. मात्रा निम्मी केली की दाणे साधारण १.४ पट वाढतात. संगणक त्यातले बरेच पुसतो. शिवाय बहुतेक खडे कॅल्शियमचे, आजूबाजूच्या मऊ भागात पांढरेफटक उठून दिसतात. म्हणूनच पोटाच्या नेहमीच्या सीटीला १० मिलिसिव्हर्टच्या (शरीराला मिळणाऱ्या किरणांचं माप) आसपास लागत असताना खड्याच्या ‘लो डोस’ सीटीचं काम ३ च्या आत भागतं. मी आधी वजन विचारतो (लोक लाजतात!); जाड अंगातून किरण कमी पार होतात आणि दाणे आणखी वाढतात, म्हणून अंगाने फार स्थूल माणसाला मी ‘लो डोस’चा आग्रह धरत नाही. दोन-तीन मिलिमीटरचा खडा कधी निसटतो, हेही खरं. जुने सीटी सोबत न्या, आणि या वेळी सोनोग्राफीवर भागेल का, ते आधी विचारा.