वाचकांचे प्रश्न : विल्यम्सचा रथ कुठे रुतला?

प्रश्न : १९९६-९७ मध्ये मी बारावीला असताना शेजाऱ्यांकडच्या केबलवर फॉर्म्युला वनच्या शर्यती पाहू लागलो. तेव्हा निळ्या-पांढऱ्या विल्यम्स गाड्या पुढे आणि बाकीचे मागे, हे जवळजवळ ठरलेलेच असे. आता मुलाबरोबर पुन्हा शर्यती पाहतो, तर हा संघ कधी काळी जिंकत असे, हेच त्याला खरे वाटत नाही. रेनॉने इंजिन देणे बंद केले म्हणून संघ बुडाला, असे माझा मित्र म्हणतो. ते कितपत बरोबर आहे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या मित्राने सांगितलेले कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. आधी आपल्या चिरंजीवांसाठी थोडा हिशेब मांडतो. फ्रँक विल्यम्स आणि पॅट्रिक हेड यांनी १९७७ मध्ये हा संघ उभा केला. १९७९ मध्ये सिल्व्हरस्टोनला क्ले रेगाझोनीने त्यांना पहिली शर्यत जिंकून दिली आणि १९९७ मध्ये त्याच सिल्व्हरस्टोनला जाक व्हिलनव्हने शंभरावी. त्या वर्षाअखेर संघाच्या खात्यावर १०३ विजय, ९ सांघिक आणि ७ वैयक्तिक विश्वविजेतेपदे जमा होती. त्यानंतरच्या २८ हंगामांत, म्हणजे २०२५ अखेरपर्यंत, विजय मिळाले फक्त ११, आणि विजेतेपद एकही नाही.

१९९७ च्या अखेरीस रेनॉ बाजूला झाली हे खरेच. परंतु इंजिन हातचे जाण्याचा प्रसंग या संघावर पहिल्यांदाच आला होता असे नाही. १९८७ मध्ये विल्यम्सने होंडाच्या इंजिनावर दोन्ही विजेतेपदे मिळवली आणि त्याच वर्षाअखेर होंडा त्यांना सोडून मॅक्लारेन या प्रतिस्पर्धी संघाकडे निघून गेली. १९८८ मध्ये जड (Judd) या कंपनीच्या अशक्त इंजिनावर एकही शर्यत जिंकता आली नाही. तरीही चार वर्षांच्या आत हा संघ पुन्हा शिखरावर पोहोचला. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न असा आहे की, १९८८ च्या खड्ड्यातून बाहेर येणाऱ्यांना १९९८ च्या खड्ड्यातून का येता आले नाही?

याचे उत्तर माणसांत आहे. १९९० मध्ये एड्रियन न्यूई नावाचा तरुण अभियंता विल्यम्समध्ये आला. हवेचा प्रवाह गाडीवरून आणि गाडीखालून कसा न्यावा, याची त्याची जाण असाधारण होती. त्याच्या आरेखनाला हेड यांच्या कडक शिस्तीची जोड मिळाली आणि त्यातून १९९२ ची एफडब्ल्यू १४बी ही गाडी घडली. तिचे सस्पेन्शन, म्हणजे चाकांना गाडीशी जोडणारी आणि धक्के झेलणारी यंत्रणा, संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेवर होते. वळणावर गाडी कलणार, ब्रेक लावताना नाक खाली जाणार, हे इतर गाड्यांच्या नशिबी होते. ही गाडी मात्र जमिनीपासूनचे अंतर जवळजवळ तेवढेच राखून धावत असे, आणि त्यामुळे खालून जाणारी हवा तिला रस्त्याला घट्ट चिकटवून ठेवी. नायजेल मॅन्सेलने त्या हंगामातल्या पहिल्या पाचही शर्यती जिंकल्या आणि ऑगस्टमध्येच विजेतेपद खिशात टाकले. १९९४ पासून या यंत्रणेवर बंदी आली. त्याच वर्षी १ मे रोजी इमोला येथे विल्यम्सच्याच गाडीत चालक आयर्टन सेनाचा अंत झाला. त्या धक्क्यानंतरही संघाने त्या वर्षीचे सांघिक विजेतेपद राखले, यावरून त्याची मुळे किती खोल होती याची कल्पना यावी.

मात्र मॅन्सेलला जाऊ देणे असो वा डेमन हिल या चालकाला काढणे असो, असे निर्णय फ्रँक विल्यम्स आपल्या पद्धतीने घेत आणि न्यूईला विचारलेही जात नसे. हे त्याला लागले. १९९६ च्या अखेरीस त्याने काम थांबवले आणि १९९७ मध्ये तो मॅक्लारेनमध्ये रुजू झाला. १९९८ चे विजेतेपद मॅक्लारेनचे. म्हणजे इंजिन आणि आरेखक हे दोन्ही खांब वर्षभराच्या अंतराने निखळले. त्यांतला दुसरा खांब वाचवणे संघाच्या हातात होते, असे मला वाटते.

फ्रँक विल्यम्स यांचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय पुढचे नीट उलगडत नाही. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या मोटार अपघातात त्यांचे शरीर खांद्यांखाली निकामी झाले आणि त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी चाकांच्या खुर्चीतून संघ सांभाळला. असा माणूस आपले घर दुसऱ्याच्या नावावर करायला सहजासहजी तयार होणार नव्हता. २००० पासून बीएमडब्ल्यूची दमदार इंजिने मिळाली, राल्फ शूमाकर आणि हुआन पाब्लो मोंटोया यांनी दहा शर्यती जिंकल्या, २००३ मध्ये विजेतेपदही आवाक्यात होते. पुढे बीएमडब्ल्यूला संघच विकत हवा होता. विल्यम्स यांनी नकार दिला, तेव्हा त्या कंपनीने साउबर हा दुसरा संघ विकत घेतला आणि विल्यम्सची साथ सोडली. स्वतःचे इंजिन बनवणाऱ्या बड्या कंपन्या वर्षाला कोट्यवधी डॉलर ओतत असताना, दुसऱ्याकडून इंजिन घेऊन पदरमोडीने संसार चालवणाऱ्याची जी गत होते ती त्यांची झाली. त्यानंतर कॉसवर्थ, टोयोटा, पुन्हा कॉसवर्थ, पुन्हा रेनॉ अशी दारे बदलत राहिली. प्रायोजकाचा पैसा सोबत आणणाऱ्या चालकांना जागा द्यावी लागली. त्यांतलाच पास्तोर माल्दोनादो २०१२ मध्ये बार्सिलोनाला जिंकला, साडेसात वर्षांनंतरचा तो पहिला विजय होता. पण आनंद साजरा होत असतानाच संघाच्या गॅरेजमध्ये आग लागली. तो विजय आजवरचा शेवटचा ठरला आहे.

२०१४ मध्ये मर्सिडीजच्या उत्कृष्ट हायब्रिड (इंधन आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या) इंजिनामुळे संघ ३२० गुणांसह तिसऱ्या स्थानावर आला. मला वाटते, या यशाने दुखणे झाकले गेले. गाडी पुढे नेत होते ते इंजिन. कारखाना मागेच पडत चालला होता. २०१९ च्या हंगामापूर्वी बार्सिलोनाच्या चाचणीत बाकी सगळे संघ फेऱ्या मारत होते आणि विल्यम्सचे गॅरेज रिकामे होते, कारण गाडीच तयार नव्हती. आठ दिवसांच्या चाचणीतले पहिले अडीच दिवस असे गेले. तांत्रिक प्रमुख होते पॅडी लो. १९९२ च्या त्या अजोड सस्पेन्शनमागेही हेच गृहस्थ होते. त्या हंगामात संघाला एकूण १ गुण मिळाला, तोही पुढच्या दोन गाड्यांना दंड झाल्यामुळे. २०२० मध्ये तेवढाही नाही.

प्रश्न : हा संघ आता अमेरिकी कंपनीच्या मालकीचा आहे असे वाचले. मग त्याला विल्यम्स म्हणण्यात काय अर्थ? आणि मालक बदलून काही फरक पडला का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ऑगस्ट २०२० मध्ये डोरिल्टन कॅपिटल या कंपनीने संघ विकत घेतला. सप्टेंबरमध्ये मोंझाच्या शर्यतीनंतर फ्रँक आणि त्यांची कन्या क्लेअर यांनी कारभार सोडला; २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रँक यांचे निधन झाले. नवीन मालकांनी नाव ठेवले, कारखानाही ग्रोव्ह येथेच ठेवला. नावाच्या हक्काविषयी मी भांडणार नाही.

फरक पडला, पण सावकाश. २०२३ मध्ये मर्सिडीजमधून संघप्रमुख म्हणून आलेले जेम्स वॉवल्स यांना आढळले की गाडीच्या सुमारे २०,००० सुट्या भागांची नोंद एका एक्सेलच्या तक्त्यात ठेवली जात होती. कोणता भाग कुठे आहे, किती दिवसांत होईल, त्यावर किती खर्च आला, याचा धड पत्ता लागत नसे. ज्यांच्या संगणकाने ३० वर्षांपूर्वी धावत्या गाडीचे सस्पेन्शन सांभाळले, त्यांच्या भांडाराची ही अवस्था! ती व्यवस्था बदलताना नवीन गाडीचे काम लांबले आणि २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याची किंमत चुकवावी लागली. शुक्रवारच्या सरावात संघाचा चालक अॅलेक्स अल्बन याने गाडी भिंतीवर घातली. चॅसी, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, जागेवर दुरुस्त होण्यासारखी नव्हती आणि तिसरी चॅसी संघाने आणलीच नव्हती. मग संघाचा दुसरा चालक लोगन सार्जंट याची धडधाकट गाडी काढून अल्बनला दिली गेली. काहीही चूक नसताना सार्जंट बाहेर बसला आणि अल्बन अकरावा आला; गुण पहिल्या दहांनाच मिळतात, म्हणजे शून्य गुण.

२०२५ मध्ये मात्र कार्लोस साइन्झ संघात आला, बाकू आणि कतार येथे तिसरा आला, आणि संघाने सांघिक यादीत पाचवे स्थान मिळवले. २०२१ पासून लागू झालेल्या खर्चमर्यादेचाही यात वाटा आहे, कारण बड्यांना आता हवा तितका पैसा ओतता येत नाही. ही मर्यादा पंधरा वर्षे आधी आली असती तर फ्रँक विल्यम्स यांना संघ विकावा लागला असता का, असा विचार मनात येतो खरा.

प्रश्न : या संघात कोणी भारतीय होता का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : होय. नरेन कार्तिकेयन २००६ आणि २००७ मध्ये विल्यम्सचा चाचणीचालक होता. शर्यतीत मात्र त्याला या संघाची गाडी मिळाली नाही.