हॉलिवूड दर उन्हाळ्यात जुन्याच सिनेमांचे पुढचे भाग का काढतं?

कल्पना आटल्या म्हणून नव्हे, पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यासाठी. मे ते ऑगस्ट दर शुक्रवारी नवा मोठा सिनेमा येतो आणि आधीच्याचे पडदे जातात. नवी गोष्ट लोकांना समजावत बसायला वेळच नसतो. ओळखीच्या नावाची निम्मी जाहिरात आधीच झालेली असते. २०२३ च्या जुलैत ‘मिशन इम्पॉसिबल’चा सातवा भाग आला आणि नऊ दिवसांत त्याचे आयमॅक्स, म्हणजे अतिभव्य आकाराचे, पडदे ‘ओपनहायमर’ने पळवले. कमाईचे आकडे दर सोमवारी बघायची खोड आहे, त्यावरून सांगतो. अर्थात नाव म्हणजे हमी नव्हे: त्याच उन्हाळ्यातला ‘इंडियाना जोन्स’ जगभरात ४० कोटी डॉलरही गाठू शकला नाही, खर्चच ३० कोटींच्या घरात होता.