ग्रीन कार्डवाला नवरा, रांगेतली बायको

या वेळच्या पत्रांत ग्रीन कार्डाचीच पत्रं जास्त आहेत, म्हणून पासपोर्ट आणि शिक्षणकर्जाचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी वकील नाही. न्यू जर्सीत एडिसनला एका इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात कुटुंबांच्या फाइली लावण्यात माझी नोकरी झाली. फाइल कुठे अडते हे मला ठाऊक आहे. कोर्टकचेरीचा मामला असेल तर मात्र वकीलच गाठा.

प्रश्न : आमचं लग्न डिसेंबर २०२३ मध्ये झालं. मिस्टर टेक्सासमध्ये असतात. नोकरीतून मिळालेलं ग्रीन कार्ड त्यांच्याकडे सप्टेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यापासून आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी माझ्यासाठी आय-१३०, म्हणजे बायकोला बोलावून घेण्याचा अर्ज, भरला. मी सांगलीला सासरी असते. माझ्यानंतर लग्न झालेली चुलत नणंद अमेरिकेत पोचलीसुद्धा. एक एजंट म्हणतो, ऐंशी हजार द्या, फाइल पुढे सरकवतो. मधल्या काळात टुरिस्ट व्हिसावर जाऊन यावं का? येणारे-जाणारे विचारतात, "नेतोय ना गं तो तुला?"

तुमच्या नणंदेचा नवरा बहुतेक अमेरिकन नागरिक असणार. घरी विचारून बघा. नागरिकाच्या बायकोला व्हिसाच्या कोट्याची रांगच नसते. अर्ज मंजूर व्हायला आणि कागद तपासायला जो वेळ लागेल तेवढाच. तुमचे मिस्टर ग्रीन कार्डधारक, म्हणजे तुम्ही एफ-२-ए या वर्गात आहात आणि तिथे दरवर्षी ठरावीकच व्हिसा असतात. हा वर्ग ज्यात मोडतो त्या दुसऱ्या पसंतीच्या गटाला वर्षाला १,१४,२०० व्हिसा मिळतात, त्यांतले ७७ टक्के ग्रीन कार्डधारकांच्या नवरा-बायको आणि लहान मुलांसाठी. त्यातही तीन-चतुर्थांश व्हिसांना देशनिहाय मर्यादा लागू नाही. म्हणून नोकरीच्या ग्रीन कार्डात भारतीयांना जी दशकांची रांग लागते, ती इथे नाही.

तरी रांग आहेच. जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत ती नव्हती, ज्याचा अर्ज मंजूर त्याला लगेच व्हिसा. एप्रिल २०२३ मध्ये तारीख एकदम ८ सप्टेंबर २०२० वर मागे आणली गेली. त्या आधीच्या काळात ज्यांच्या सुना भराभर गेल्या, त्यांचे हिशोब ऐकून तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नका. तुमची तारीख म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये तुमचा अर्ज ज्या दिवशी इमिग्रेशन खात्याला मिळाला तो दिवस. पावतीवर 'प्रायॉरिटी डेट' म्हणून छापलेली असते. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यातल्या एफ-२-ए च्या ओळीत तुमच्या तारखेच्या पुढची तारीख आली की तुमचा नंबर लागला. आय-१३० मंजूर झाल्याचं पत्र आलं तरी ही वाट चुकत नाही. मंजुरीच्या पत्रावर पेढे वाटून बॅगा भरायला घेतलेली घरं मी पाहिली आहेत.

एजंटाला एक पैसा देऊ नका. मंजुरीनंतर फाइल न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरला जाते, तिथे ३२५ डॉलर व्हिसाची आणि १२० डॉलर आर्थिक हमीच्या तपासणीची फी ऑनलाइन भरायची असते. फाइल सरकवण्याची फी अशी काही नसते आणि सरकवणारा माणूसही नसतो.

टुरिस्ट व्हिसाचं म्हणाल तर माझं मत सरळ 'नको' असं आहे. व्हिसा अधिकारी कायद्यानंच असं धरून चालतो की समोरचा माणूस कायमचं राहायला निघालाय. तसं नाही हे आपण पटवायचं. तुमच्या नावावर आय-१३० पडलेला, नवरा तिकडे, तुम्ही काय पटवणार? टुरिस्ट व्हिसाच्या डीएस-१६० या अर्जात 'तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज केलाय का' हा प्रश्न असतो. काही जण तिथे 'नाही' लिहायला सांगतात. ते खोटं पकडलं गेलं तर कायमची बंदी लागू शकते, मग नवऱ्याचं कार्डही कामाला येत नाही. तुम्ही स्वतः नोकरी करत असाल आणि कंपनी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर पाठवत असेल, तर त्याला ही अडचण नाही. तिथे कायम राहण्याचा इरादा चालतो.

तुमच्यासाठी खरी वाट दुसरी आहे. ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, आणि तो ९० दिवस आधी भरता येतो. मिस्टरांचं कार्ड सप्टेंबर २०२१ चं, म्हणजे जून २०२६ पासून. ते नागरिक झाले की तुमचीच जुनी फाइल नागरिकाच्या बायकोच्या वर्गात जाते. नवा आय-१३० नाही, नवी फी नाही, नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत व्हिसा सेंटरला पाठवायची. त्यासाठी मिस्टरांनी एक पथ्य पाळावं: तुम्हाला भेटायला जरूर यावं, पण एका फेरीत सहा महिन्यांच्या वर इकडे राहू नये, आणि पाच वर्षांत निदान तीस महिने प्रत्यक्ष अमेरिकेत भरलेले असावेत.

मधल्या काळात बाळ झालं तर मात्र लक्ष द्या. ग्रीन कार्डधारकाच्या फाइलीत मूल आईच्या मागोमाग येतं. नागरिकाच्या फाइलीत येत नाही, त्याचा आय-१३० वेगळा भरावा लागतो. ही गोष्ट फार घरांना मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीच्या वेळी कळते.

या उशिरात एक बरं आहे. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झालेली असली की दोन वर्षांचं सशर्त कार्ड न मिळता थेट दहा वर्षांचं मिळतं, आणि नवरा-बायकोनं मिळून ती अट काढण्याचा अर्ज, आय-७५१, भरण्याचा व्याप वाचतो.

येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर पावतीवरची तारीख दाखवली असती.

प्रश्न : मुलगा सिअ‍ॅटलला आहे, एच-१बी वर. नोकरीच्या ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, आय-४८५, भरून झालाय. लग्न ठरलंय. आमचे व्याही म्हणतात, कार्ड हातात येऊ दे, मग थाटात लग्न करू. गुरुजींनी वैशाखातला मुहूर्त काढलाय. थांबावं का? – एक वडील, नाशिक

अजिबात थांबू नका. हे उत्तर मी आधी दिलेलं असलं तरी पुन्हा देते, कारण दर सुट्टीच्या हंगामात कुणीतरी नेमकं हेच करतं.

कार्ड मंजूर होण्याच्या आधी लग्न झालं असेल तर सून मुलाच्याच अर्जाच्या जोरावर, मुलाच्याच तारखेनं जाते. ती एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या बायकोच्या व्हिसावर, तिकडे पोचली तर तिथेच तिचा आय-४८५ भरता येतो. इथेच राहिली तरी मुलगा आय-८२४ हा बायकोला मागाहून बोलावण्याचा अर्ज भरून तिला मुंबईतून बोलावून घेऊ शकतो. लग्न कार्डानंतर झालं की ती सांगलीच्या वरच्या ताईंच्या रांगेत. एका दिवसाच्या फरकानंही.

मुहूर्त वैशाखातला असेल आणि कार्ड त्याआधी येईल अशी भीती असेल, तर नोंदणी पद्धतीनं लग्न आधी करा. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे ३० दिवसांची नोटीस लागते आणि दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेला असावा लागतो. मुलगी नाशिकची असेल तर ती अट तिच्यामुळे भागते. सही करायला मुलाला यावं लागेलच. त्याच्या पासपोर्टवर एच-१बी चा शिक्का चालू आहे का, ते तिकीट काढण्याआधी पाहा. नसेल तर परतीसाठी अ‍ॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे निघण्याआधीच घेतलेली परत येण्याची परवानगी, किंवा इथे नवा शिक्का. लग्न झाल्याबरोबर त्यानं आपल्या वकिलाला कळवायचं. त्याच्या फाइलीत तो अविवाहित राहिला आणि मंजुरी आली, तर पुढे स्पष्टीकरणं देत बसावं लागतं.

व्याह्यांना एक सांगा. स्थळाच्या बायोडेटात 'ग्रीन कार्ड' हे शब्द जाड ठशात छापतात, पण मुलीच्या वडिलांनी विचारायला हवं ते वेगळंच: कार्ड आलंय की यायचंय, आणि आलं असेल तर कोणत्या तारखेला. पगाराच्या आकड्यापेक्षा मुलीची पुढची वर्षं या उत्तरावर ठरतात.

प्रश्न : जन्मदाखल्यावर माझं नावच नाही, नुसतं 'स्त्री' लिहिलंय. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नात नाव बदललं, पण पासपोर्ट जुन्याच नावाचा. मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीत चालेल का? – रत्नागिरी

मराठी बायकांच्या निम्म्या फाइली अशाच असतात, घाबरू नका. ज्या नगरपालिकेत जन्माची नोंद आहे तिथे नाव घालून नवा दाखला घ्या. नोंदच सापडत नसेल तर तसं लेखी पत्र घ्या आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला व आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र जोडा. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायलाच हवं असं नाही. अर्जात मात्र पासपोर्टवरचं नाव मुख्य म्हणून आणि बाकीची सगळी नावं 'इतर नावे' या रकान्यात, एकही न वगळता. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतर करणाऱ्यानं आपल्याला दोन्ही भाषा येतात व भाषांतर बरोबर आहे असं सहीनिशी लिहून द्यायचं असतं. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं.

नवऱ्याच्या आय-८६४ या आर्थिक हमीच्या अर्जात उत्पन्न गरिबी रेषेच्या सव्वापट हवं. दोघांच्या कुटुंबाला २०२५ च्या तक्त्याप्रमाणे ते २६,४३७ डॉलर होतं. कमी पडलं तर अमेरिकेतला दुसरा हमीदार चालतो.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मुलाखतीला लग्नपत्रिका, दोन्ही घरची माणसं दिसतील असे फोटो, नवऱ्याच्या येण्या-जाण्याची तिकिटं आणि बोलण्याचे पुरावे न्या. चॅट सगळं छापू नका, महिन्याकाठी एखाद-दुसरं पान पुरे. पण छापूनच न्या, फोन आत नेता येत नाही.