तत्त्वं भिंतीवर, मी गप्प

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे, एका डिझाइन कंपनीत टीम सांभाळते. एका प्रशिक्षणात आम्हाला आपापली तत्त्वं लिहायला लावली. मी पाच लिहिली : प्रामाणिकपणा, सचोटी, मेहनत, सहानुभूती, सातत्य. कागद टेबलासमोर लावला. मागच्या महिन्यात ग्राहकाला दिलेली तारीख चुकली. टीममधल्या मुलाची फाइल उशिरा आली, पण त्याला माहितीच मी उशिरा दिली होती. बैठकीत ठपका त्याच्यावर आला आणि मी गप्प बसले. कागद समोरच होता. मग तत्त्वं लिहायची तरी कशाला?

उत्तर : प्रामाणिकपणा आणि सचोटी यांत फरक काय, हे मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. तेव्हा त्यातलं एक आधी खोडा. उरलेल्या शब्दांचं म्हणाल, तर ‘आळस हे माझं तत्त्व’ असं कुणी भिंतीवर लावत नाही. ज्या शब्दाला कुणाची हरकतच नसते, तो ऐन बैठकीत तुमच्या मदतीला कसा येणार?

मी आयुष्यभर हिशेबाचं काम केलं. नोकरीच्या चौथ्या वर्षी एकदा माझा ताळा जुळेना. फरक २७० चा. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला की अंकांची अदलाबदल झाली असेल का, हे आम्ही आधी बघतो. तसंच निघालं : ४६३० च्या जागी मी ४३६० लिहिले होते. हे मला मंगळवारी सापडलं आणि साहेबांना सांगितलं शुक्रवारी. तोवर अहवाल वर गेला होता. साहेब ओरडले नाहीत. ‘कधी कळलं?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, ‘आज सकाळी.’

आकड्याची चूक मी केव्हाच विसरले असते. ते ‘आज सकाळी’ मात्र अजून टोचतं. त्या रात्री डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिलं : चूक कळली की त्याच दिवशी, घरी निघायच्या आत सांगायची. पुढे हा नियम मी तीनदा मोडला. तीनदाच, हे छातीठोक सांगू शकते, कारण घरी निघायची वेळ टळली की नियम मोडला, त्यात पळवाट नाही. ‘प्रामाणिकपणा’ मी किती वेळा मोडला, देव जाणे.

अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने आपल्यासाठी १३ गुणांची यादी केली होती. प्रत्येक गुणापुढे एखादं वाक्य, आठवड्याला एका गुणावर भर, आणि चुकलं की वहीतल्या चौकटीत काळा ठिपका. व्यवस्थितपणा त्याला कधी जमला नाही, हे त्यानंच लिहून ठेवलंय. मला त्यातली गंमत वाटते ती वेगळीच. यादी आधी १२ गुणांचीच होती. लोक तुला गर्विष्ठ समजतात, असं एका मित्रानं तोंडावर सांगितलं, तेव्हा तेरावी नम्रता आली. स्वतःहून त्याला ती सुचली नव्हती.

म्हणून नवा कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात कोणत्या प्रसंगांनी तुमची झोप उडवली, ते लिहा. तीन-चार निघाले तरी पुष्कळ झाले. प्रत्येकाखाली एक वाक्य : कुणाला, काय, कधीपर्यंत. तुमचं पहिलं मला तरी असं दिसतं : ‘काम चुकलं, तर दुसऱ्या कुणाचं नाव निघायच्या आत माझा वाटा मी सांगेन.’ लिहिताना किंमतही धरा. ग्राहकासमोर तुम्ही थोड्या लहान दिसाल. ते झेपणार नसेल, तर हे वाक्य लिहूच नका.

आणि हा कागद पुढच्या आठवड्यात केलात तरी चालेल. उद्या त्या मुलाशी बोला. मग त्या बैठकीला जे जे होते, त्या सगळ्यांना मेल करा. ठपका त्यांच्यासमोर बसलाय. मेल लांबवू नका, कारणं देऊ नका. माहिती कोणत्या तारखेला द्यायची होती आणि तुम्ही कोणत्या तारखेला दिलीत, एवढ्या दोन तारखा लिहा.