यूकेत नर्सिंगला प्रवेश: अर्जात वजन कशाने येतं

"ताई, बारावी सायन्स झालंय, सिंहगड रोडला राहते, यूकेत बीएस्सी नर्सिंगला अर्ज करायचाय. मार्क बरे आहेत, पण हॉस्पिटलचा अनुभव शून्य. अर्ज उठून दिसायला काय करू?" असं विचारलंयस, म्हणून सविस्तर लिहिते.

मार्क चांगले असले की अर्ज वाचला जातो. निवड करताना इकडे यूकेत पाहतात ते वेगळंच: परावलंबी माणसाजवळ तू किती बसली आहेस, आणि त्यातून तुला काय उमगलं. त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ तिथे घाल.

मोठ्या हॉस्पिटलांच्या चकरा मारू नकोस. नर्सिंगचं शिक्षण नसलेल्या मुलीला ते पेशंटला हात लावू देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. घराजवळचा वृद्धाश्रम, विशेष मुलांची शाळा, वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर (गंभीर आजारात वेदना कमी करणारी सेवा देणारं केंद्र), अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून घेता का, ते स्वतः जाऊन विचार. दर शनिवारी ४ तास, असे सहा महिने केलेस की १०० तास होतात. पालखी पुण्यात मुक्कामाला असताना वारकऱ्यांच्या पायांना पट्ट्या बांधल्यास तर तेही लिही, पण एका दिवसाची सेवा आणि सहा महिन्यांचे शनिवार यांतला फरक वाचणाऱ्याला लगेच कळतो.

एक वही ठेव. तारीख, तास, काय केलं, काय चुकलं, काय कळलं. नावं लिहायची नाहीत, "ऐंशीच्या घरातल्या आजी" एवढं पुरे. त्यांच्यासोबतचा सेल्फी तर कुठेच टाकू नकोस. गोपनीयतेत झालेली चूक इकडे कौतुकाने नाही, धोक्याची खूण म्हणून वाचतात.

वहीत काय यावं ते सांगते. अर्धांगवायू झालेल्या आजोबांना भरवायचंय. त्यांना ताठ बसवायचं, चमचा छोटा घ्यायचा, गिळल्याशिवाय दुसरा घास द्यायचा नाही, शेवटी लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठलंय का ते पाहायचं. घाई केली की अन्न श्वासनलिकेत जातं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. "एक वाटी भात भरवायला चाळीस मिनिटं लागली आणि तेवढी लागू देणं हेच काम होतं" हे तुझ्या हातून घडलं असेल तर तसंच लिही. "मला लहानपणापासून सेवेची आवड आहे" या वाक्याने ढीगभर अर्ज सुरू होतात.

आणखी एक सांभाळ. आपल्याकडे आजारी माणसाला काखेत हात घालून उचलतात. इकडे ती पद्धत चुकीची मानतात, कारण पेशंटचा खांदा निखळू शकतो आणि उचलणाऱ्याची पाठ जाते. मुलाखतीत ते अभिमानाने सांगशील तर गुण जातील. "मदतीला दुसऱ्याला बोलावलं" हे उत्तर बरोबर.

आता अर्ज. तो युकासमधून, म्हणजे इकडच्या विद्यापीठांच्या सामाईक अर्ज यंत्रणेतून जातो, पाच जागा निवडता येतात आणि स्टेटमेंट, म्हणजे स्वतःबद्दलचं लेखन, पाचही ठिकाणी तेच जातं. इकडे नर्सिंगच्या चार शाखा आहेत: प्रौढ, बाल, मानसिक आरोग्य आणि लर्निंग डिसॅबिलिटी (बौद्धिक अक्षमता). दोन जागी बाल आणि तीन जागी मानसिक आरोग्य भरलंस तर स्टेटमेंट धड कुठल्याच शाखेचं राहत नाही. शाखा एकच धर. कोर्स एनएमसीची (नर्सिंग अँड मिडवायफरी काउन्सिल, इकडची नर्सेसची नियामक संस्था) मान्यता असलेलाच हवा.

२०२६ च्या प्रवेशापासून सलग निबंध बंद झालाय. आता तीन प्रश्न असतात: हा कोर्स का, अभ्यासाने तुझी तयारी कशी झाली, अभ्यासाबाहेर काय केलंस. मिळून ४००० अक्षरं, स्पेस धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. मी निम्मी जागा तिसऱ्याला देईन. पहिल्यात कोर्स कसा चालतो ते माहीत असल्याचं दिसू दे: ४६०० तास, त्यातले निम्मे प्रत्यक्ष वॉर्डात किंवा लोकांच्या घरी, रात्रपाळ्यांसह. एजंटकडून तयार मजकूर घेऊ नकोस. युकास प्रत्येक स्टेटमेंट जुन्या मजकुरांशी ताडून पाहतं आणि जुळलं तर विद्यापीठांना कळवतं.

शिफारस ज्युनियर कॉलेजच्या सरांकडून किंवा मॅडमकडून घे. त्यांना नुसतं "लिहून द्या" म्हणालीस तर "सिन्सिअर अँड हार्डवर्किंग" एवढंच येईल. तास, प्रकल्प, प्रात्यक्षिकातलं काम असं एक पान लिहून त्यांच्या हातात दे.

मुलाखत बऱ्याच ठिकाणी छोट्या-छोट्या टप्प्यांत होते, प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटं आणि एक प्रसंग. सहकारी नर्सची चूक दिसली तर काय करशील, हा नेहमीचा. आपल्या सवयीने "मोठ्यांना कसं बोलणार" असं वाटतं, पण पेशंटची सुरक्षितता आधी, म्हणून वरिष्ठांना सांगेन असंच म्हणायचं. एनएमसीचं कोड, म्हणजे नर्सेसची आचारसंहिता, वाच. २०१३ चा फ्रान्सिस रिपोर्टही (मिड स्टाफर्डशायरच्या हॉस्पिटलमधल्या हलगर्जीपणाच्या चौकशीचा) चाळ, म्हणजे चूक दिसली की बोलण्यावर एवढा भर का ते समजेल. गणिताची तयारी ठेव: ५ मिलीत २५० मिग्रॅ असेल तर ५०० मिग्रॅला १० मिली, १ लिटर सलाईन ८ तासांत म्हणजे तासाला १२५ मिली. कॅल्क्युलेटरशिवाय.

आयईएल्टीएस अॅकॅडमिक ही इंग्रजीची परीक्षा लवकर दे. नर्सिंगला अनेक ठिकाणी एकूण ७ मागतात, शिवाय प्रत्येक विभागाची किमान अट वेगळी असते. आपली मुलं बहुतेक रायटिंगमध्ये अडकतात, तेव्हा दुसऱ्या प्रयत्नाला वेळ हाताशी हवा. युकासची मुख्य मुदत जानेवारीच्या मध्यावर संपते.

बाकी कागद: पासपोर्ट सेवेतून पोलीस क्लिअरन्स, व्हिसासाठी मान्यताप्राप्त केंद्रातली टीबी तपासणी, आणि लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड. ते कार्ड आजच आईला शोधायला सांग. हेपॅटायटिस बीचे तीन डोस त्यात नसतील तर नेहमीचं वेळापत्रक ०, १ आणि ६ महिने असतं, म्हणजे पुरं व्हायला अर्धं वर्ष जातं.