‘लोकशाही बहाल करा’ : या मराठीत काय खटकतं?

रावेरच्या एका वाचक मुलीचा प्रश्न आहे. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करते. चालू घडामोडींच्या उत्तरात तिने लिहिलं: ‘लष्करी सरकारने लोकशाही बहाल करावी म्हणून शेजारी देशांनी राजनीतिक दबाव बनवला, चेतावणी दिली आणि आर्थिक प्रतिबंध लावले.’ तपासणाऱ्या सरांनी पाच ठिकाणी लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘हे मराठी नाही.’ तिचं म्हणणं असं की ‘राजनीतिक’ सोडला तर बाकीचे शब्द मराठी कोशात आहेत, मग चुकलं कुठे?

सरांचं बरोबर आहे आणि मुलीचंही. शब्द मराठीतले, पण अर्थ बऱ्हाणपूरकडचे, म्हणजे हिंदीतले. रावेरहून गाडी सुटली की थोड्याच वेळात मध्य प्रदेश लागतो. घरात हिंदी बातम्या चालू, टेबलावर हिंदी मासिकं, त्यामुळे हे होणारच. मात्र यात एक घोळ नको. खानदेशी पोरांच्या तोंडी ‘करी राहिना’ किंवा ‘काय शे’ आलं की बाहेरून आलेले काही मास्तर त्यालाही हिंदी-गुजरातीची उसनवारी ठरवतात. ती उसनवारी नव्हे, अहिराणीची घरची संपत्ती आहे. ‘शे’ गुजरातीतल्या ‘छे’सारखा दिसतो म्हणून त्याला कुणी परका म्हणू नये. प्रश्नातल्या वाक्याचं दुखणं निराळं आहे.

सगळ्यात मोठी गडबड ‘बहाल’ची. हा फारसीतून आलेला शब्द: ब-हाल, म्हणजे होतं त्या स्थितीत, पूर्ववत. हिंदीने तो अर्थ जपला. तिथे बंद पडलेली वाहतूक बहाल होते, निलंबित कारकून नोकरीवर बहाल होतो. मराठीत हा शब्द रुळला तो सनदा-वतनांच्या व्यवहारात. वतन बहाल, इनाम बहाल. वरच्याने खालच्याला दिलं किंवा कायम केलं, की ते बहाल. आजही आपण पदवी बहाल करतो, किताब बहाल करतो. (त्यातल्या नुसत्या ‘हाल’चे मराठीत काय हाल झाले ते वेगळंच.) तेव्हा ‘लष्कराने लोकशाही बहाल करावी’ हे मराठी कानाला असं ऐकू येतं: जनरलसाहेबांनी खूश होऊन प्रजेला लोकशाही इनाम द्यावी. मागणी करणाऱ्याला तर म्हणायचं असतं, हिसकावलंत ते परत करा. सत्तेवर बसलेल्या सेनापतींना अर्थात पहिलाच अर्थ आवडेल.

मग ‘बहाल’च्या जागी काय? ‘पुनर्स्थापना’ हा छापील पर्याय तयारच असतो, पण तो डोळे झाकून वापरू नये. अशा वेळी बाहेरचे देश एकच मागणी करतात असं नाही. एक मागणी असते, हटवलेल्या माणसाला परत खुर्चीवर बसवा. दुसरी असते, निवडणुका घ्या आणि सत्ता सोडा. 26 जुलै 2023 रोजी नायजरमध्ये राष्ट्राध्यक्ष बाझूम यांना पदच्युत केलं, तेव्हा पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने, म्हणजे इकोवासने, 30 जुलैला आठवड्याची मुदत दिली: बाझूम यांना पदावर आणा, नाहीतर बळाचा वापरही होऊ शकतो. इथे पुनर्स्थापना शब्द चपखल. हैतीत ती प्रत्यक्षात झालीसुद्धा. 1991 मध्ये लष्कराने घालवलेले राष्ट्राध्यक्ष आरिस्टिड 1994 च्या ऑक्टोबरात परत आले, अर्थात अमेरिकी सैन्य उतरल्यावर. बाझूम मात्र परत आले नाहीत. सरहद्दी बंद झाल्या, नायजेरियाने वीज तोडली, तरी राजधानी नियामेतले लष्करी अधिकारी हलले नाहीत. फेब्रुवारी 2024 मध्ये इकोवासनेच बहुतेक निर्बंध उठवले आणि जानेवारी 2025 मध्ये नायजर, माली, बुर्किना फासो हे तिघे संघटनेतूनच बाहेर पडले.

आता फिजी घ्या. डिसेंबर 2006 मध्ये लष्करप्रमुख बैनिमारामा यांनी सत्ता घेतली. राष्ट्रकुलाने 2009 मध्ये फिजीचं सदस्यत्व पूर्ण निलंबित केलं, कारण 2010 पर्यंत निवडणुका घ्यायला तिथलं सरकार तयार नव्हतं. शेवटी निवडणूक झाली ती सप्टेंबर 2014 मध्ये, नव्या राज्यघटनेखाली, आणि बहुमताने निवडून आले कोण, तर बैनिमारामाच. राष्ट्रकुलाने फिजीला परत घेतलं. याला पुनर्स्थापना म्हणायचं तर कुणाची? जुनं सरकार आलं नाही, जुनी घटनाही आली नाही. इथे ‘निवडणुका घेऊन लोकनियुक्त सरकारकडे सत्ता सोपवावी’ असं लांबडं पण खरं लिहावं. शब्द वाचवण्यापेक्षा अर्थ वाचवणं परीक्षेतही बरं.

‘राजनीतिक’ची चूक उलट्या बाजूने होते. हिंदीत राजनीतिक आणि राजनैतिक दोन्ही म्हणजे आपलं ‘राजकीय’. दोन देशांमधल्या व्यवहाराला हिंदी राजनयिक किंवा कूटनीतिक म्हणते. मराठीत ‘राजनैतिक’ हे त्या दुसऱ्या कामाला लागलेलं आहे: राजनैतिक संबंध, राजनैतिक अधिकारी. ‘कूटनीती’ला मराठीत कावेबाजपणाचा वास येतो, म्हणून तो टाळलेला बरा. हा फरक किती कामाचा आहे ते म्यानमारवरून दिसतं. 1 फेब्रुवारी 2021 च्या सत्तापालटानंतर आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या, म्हणजे आसियानच्या, नेत्यांनी एप्रिलमध्ये जकार्तात तोडग्याची पाच कलमं ठरवली. ती पाळली जात नाहीत असं दिसल्यावर ऑक्टोबरपासून शिखर परिषदेला लष्करप्रमुखांना बोलावणं बंद केलं. पाठवायचाच तर बिगर-राजकीय प्रतिनिधी पाठवा, असं सांगितलं. जानेवारी 2024 मध्ये लाओसच्या बैठकीला म्यानमारने परराष्ट्र खात्यातली एक वरिष्ठ अधिकारी पाठवली. म्हणजे प्रतिनिधी बिगर-राजकीय, पण पूर्णपणे राजनैतिक. हिंदीच्या सवयीने कुणी ‘बिगर-राजनैतिक’ लिहिलं, तर जी बाई चालली तीच बाद होईल!

याच कामाला आपल्याकडे ‘मुत्सद्देगिरी’ आहे आणि मला तो शब्द मनापासून आवडतो. मराठेशाहीत तलवार चालवणारे सरदार वेगळे आणि लेखणी, हिशेब, बोलणी सांभाळणारे मुत्सद्दी वेगळे. परराज्यात आपला वकील बसायचा, त्यावरून वकिलात. वर्दीवाल्यांशी बोलणी करायला मुत्सद्दी पाठवणं हे शब्दातच बसतं.

‘चेतावणी’ तर थेट अंगावर येते. हिंदीत चेतावनी म्हणजे सावधगिरीची सूचना. मराठीत चेतवण्यावरून झालेली चेतावणी ही चिथावणीची जवळची नातेवाईक. इकोवासने सेनापतींना चेतावणी दिली, म्हणजे त्यांना भडकवलं! आपल्याकडे ‘इशारा’ देतात. गंमत अशी की हिंदीत इशारा म्हणजे खूण.

‘प्रतिबंध’ मराठीत रोखण्यासाठी: प्रतिबंधक लस, रोगप्रतिबंध. देशावर घालतात ते ‘निर्बंध’. क्रियापदही जपून घ्यावं. वर्तमानपत्रं सर्रास ‘निर्बंध लादले’ लिहितात, पण लादणं म्हटलं की आपण ओझं वाहणाऱ्याच्या बाजूने बोलतो. नायजरच्या अंधारात बसलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर ‘लादले’ ठीक. नुसती नोंद करायची तर ‘घातले’ किंवा ‘लागू केले’. दबाव मात्र बनवत नाहीत, आणतात किंवा टाकतात. बनवायची ती भाजी.

‘लष्करी सरकार’ला सरांनी रेघ मारलेली नाही, ते योग्यच. तरी ज्यांना त्या मंडळींना मान्यता द्यायची नसते ते ‘राजवट’ म्हणतात. ‘जुंटा’बद्दलही तिने शेवटी विचारलं आहे. मूळ स्पॅनिश, उच्चार ‘हुंता’च्या जवळचा, अर्थ मंडळ किंवा समिती, इंग्रजीमार्गे आपल्याकडे जुंटा किंवा जंटा झाला. लॅटिनमधल्या ज्या जोडण्याच्या धातूतून तो आला, त्याचा संस्कृत भाऊ म्हणजे ‘युज्’. त्यातून युक्त, युग, आणि युगावरून बैलांच्या मानेवरचं ‘जू’. उत्तरात ‘लष्करी मंडळ’ लिहिलं तरी भागतं.

‘लष्करी उठाव’ हा सध्या सगळीकडे चालणारा शब्द मला पटत नाही. उठाव खालून होतो. खानदेशात तो म्हटला की सेंधवा घाटाची राखण सोडून 1857 मध्ये इंग्रजांवर उठलेला खाज्या नाईक आठवतो, भीमा नाईक आठवतो, सातपुड्यातले भिल्ल आठवतात. नियामेत राष्ट्राध्यक्षांना कोंडलं ते त्यांच्याच अंगरक्षक दलाने. त्याला सत्तापालट म्हणावं, फार तर लष्करी बंड.